पाचवी कळशी

गादीवालीला नणंद नव्हती, आणि या गोष्टीचा तिला दागिन्यासारखा अभिमान होता. लग्न ठरवताना तिच्या आईने घर बघितलं नाही, धंदा बघितला नाही, एवढंच विचारलं की मुलाला बहीण आहे का. नाही म्हटल्यावर तिथल्या तिथे होकार. सासू आज ना उद्या थकते, असं ती माउली म्हणायची, पण नणंद माहेरी येते ती ताजी होऊनच येते. तर असं ते बिननणंदेचं घर. सासू दोन वर्षांत गेली, आणि तेव्हापासून चाळीस वर्षं गादीवालीने त्या घरात कुणाला काही विचारलं म्हणून नाही. भाजीत मीठ किती, खोळीला कापड कुठलं, पोराला बायको कुठली, सगळं तिचं तिने ठरवलं. नवरा मुळात कमी बोलणारा, पुढे कानांनीही कमी झाला. गल्लीत कोणी म्हणालं, बिचारा ऐकून ऐकून बहिरा झाला. ते तिच्यापर्यंत पोचलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांचे निदान वापरून झिजले. तुमचे अजून कोरेच आहेत."

घर तीन खोल्यांचं, एकामागे एक. पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं मशीन, तिथे मुलगा. मधल्या खोलीत स्वयंपाक, नवऱ्याची खाट, आणि दोन महिन्यांपासून पाळणा. मागच्या खोलीत कापसाचे गठ्ठे, शिवून तयार गाद्या, लोड. मागच्या खोलीत पाणी न्यायचं नाही, हा त्या घरातला पहिला कायदा. ओल लागलेला कापूस गोळा धरतो, आणि एकदा धरलेला गोळा म्हणजे मनातली अढी, वरून कितीही थोपटा, आत तशीच. दुसरा कायदा, कापूस फुकट घालवायचा नाही. जुनी गादी उसवली की तिचा कापूस पुन्हा पिंजायचा आणि नव्या खोळीत भरायचा. हे दोन्ही कायदे मुलाच्या अंगात आईच्या दुधाबरोबर उतरले होते.

गल्ली चढावर होती. बावीस घरं, वरच्या टोकाला सगळ्यांची मिळून एक टाकी, खालच्या टोकाला फाटक. उन्हाळा लागला, टाकीतलं पाणी खालच्या पायरीला गेलं, आणि कमिटीने दरवर्षीसारखी नियमांची पाटी लावली. माणशी रोज एक कळशी. अंगण धुवायचं नाही, आंघोळीचं पाणी झाडाला नाहीतर फरशीला. प्रत्येक कळशीच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर माणसाचा नंबर. अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल तर त्याची कळशी त्याच्याच उशाशी, कारण मागच्या साली एका घराने आजाऱ्याच्या पाण्यात चादरी धुतल्या होत्या. दर शनिवारी दुपारी तीनला घरोघर डोकी मोजायची. डोकं खोटं निघालं तर त्या घराचं पाणी उन्हाळाभर निम्मं. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, अंगावर पिणाऱ्या बाळाला वेगळी कळशी नाही, ते आईच्या कळशीत आलं.

गादीवालीला वाचता येत होतं ते बोट ठेवून. शेवटच्या ओळीवर तिने बोट ठेवलं ते तिथेच राहिलं. हे लिहिणाऱ्याने बाळंतीण लांबून तरी बघितली आहे का, असं तिने तिथेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. तिला उत्तर देणं म्हणजे स्वतःहून गालफड पुढे करणं.

पण नियम तो नियम. एका कळशीत सुनेने प्यायचं किती, दुपटी धुवायची कशी आणि पोरीला आंघोळ कुठून घालायची? आठ दिवसांत पोरीच्या मांड्यांच्या वळ्या सोलवटल्या. सुनेचं दूध आटायला लागलं. सून गरीब, तोंडातून शब्द नाही. नुसती पाळण्याची दोरी ओढत बसायची, आणि पोर रडायची. आधी मोठ्याने, मग किरकिरत, मग एका दुपारी तिचं रडणं इतकं बारीक झालं की गादीवालीने हातातलं दाभण खाली ठेवलं. चाळीस वर्षांत तिने बरीच बारीक रडणी ऐकली होती. कुठल्या रडण्यानंतर काय येतं ते तिला पक्कं माहीत होतं.

त्याच दुपारी तिने नणंद शिवली.

जुन्या खोळीचं कापड घेतलं, तिच्या अंदाजाने बाईएवढं बेतलं. खांद्याशी कापूस दाबून, कमरेशी सैल, गुडघ्यांशी एक मोड. डोक्याला लहान लोड, त्यावर फडकं, जसं डोकं दुखणाऱ्या बाईने बांधावं. दुसरी कोणी असती तर दोन उशा पांघरुणाखाली सारून मोकळी झाली असती. पण हिच्या हातून कच्चं काम व्हायचं नाही. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून तिने ती निजवली, वर गोधडी घातली, आणि दारातून बघितलं तर तिलाच एक क्षणभर कोणी रुसून झोपल्यासारखं वाटलं. मग तिने आत जाऊन गोधडी जरा खाली ओढली. पाय उघडे राहत होते असं नाही. सवयीने ओढली.

मुलाला आणि सुनेला सांगून टाकलं, की ही तुमची आत्या, हिला गावाहून आणलीय, हिला बरं नाही. दोघांनी मान हलवली. नवऱ्याला सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

डोकी मोजायला कंडक्टर यायचा. उभा जन्म बसमध्ये गेलेला माणूस, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी माणसाला सीटच म्हणायचा. कानावर पेन्सिल. पेन्सिलीने एकेकाकडे बोट दाखवल्यासारखं करायचं आणि ओठांत मोजायचं. त्याची मोजणी कधी चुकली नाही, म्हणून कमिटीने काम त्याला दिलं होतं. कल्पना नावाची गोष्ट त्या माणसात नव्हती. दहा असतील तर दहा, साडेदहा म्हणायची त्याची छाती नव्हती.

शनिवारी तो आला. म्हातारा एक, मुलगा दोन, सून तीन, वहिनी तुम्ही चार. मग मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला. गादीवालीने सांगितलं, यांची बहीण, काल रात्री उशिरा आणली, आजारी असते, झोप लागलीय, उठवू नका. कंडक्टर चप्पल काढून उंबऱ्यापर्यंत गेला, पेन्सिल उचलली, बराच वेळ धरून ठेवली. "पाच," म्हणाला, आणि पाचवा बिल्ला काढून तिच्या हातात ठेवला.

पाचवी कळशी नियमाप्रमाणे मागच्या खोलीत गेली, उशाशी. वर पितळी तांब्या, देखाव्याला भरून ठेवलेला. कापसाच्या खोलीत पाणी नेताना मुलगा उंबऱ्याशी थबकला, पण आईपुढे बोलणार कोण. त्या संध्याकाळी सून पोटभर पाणी प्यायली, पोरीला कोमट पाण्याची आंघोळ मिळाली, आणि सोलवटलेल्या वळ्यांवर कोरडं फडकं टेकवताना गादीवाली पाळण्याशी बसून हसली. नणंद मिळाली ती अशी, खात नाही, बोलत नाही, आणि वर पाणी देते. अशा दहा मिळाव्यात.

सकाळी तांब्या रिकामा होता.

तिला मुलाचा संशय आला. मुलाने शपथ घेतली. मग म्हटलं उन्हाळा, पितळ तापलं असेल, पाणी उडालं असेल. दुसऱ्या दिवशी तांब्याच्या आत खडूची रेघ मारली, वर ताटली झाकली, ताटलीवर कापड कापायची लोखंडी कात्री ठेवली. दुपारी बघते तर कात्री बाजूला, तिच्या शेजारी ताटली, आणि तांब्या पालथा. धुऊन पालथा घालावा तसा, नीट, भिंतीला लावून. कोणा नीटनेटक्या बाईने घातल्यासारखा.

यानंतर कळशी उतरू लागली. आधी टीचभर, मग निम्मी, मग जेवणं होईपर्यंत तळ. जमीन कोरडी, खोळ कोरडी, गोधडी कोरडी. पोरीला आंघोळीला पाणी उरेना. सुनेने पुन्हा पेला निम्मा भरून प्यायला सुरुवात केली, आणि पाळण्यातलं रडणं पुन्हा बारीक झालं. गादीवालीने मागच्या खोलीच्या दाराला कडी लावली. दुपारी गल्ली उन्हात गप्प पडलेली असायची, मशीन बंद, पाळणा बंद, आणि त्या गप्पपणात कडीच्या आतून तिला घोट ऐकू यायचा. एकच. मग थोडा वेळ काही नाही. मग आणखी एक. घाई नसलेल्या माणसासारखा.

कळशी बाहेर आणून ठेवावी म्हटलं तर नियम आडवा येत होता. कंडक्टर कधीही डोकावायचा.

दुसऱ्या शनिवारी त्याने चार मोजले, कडी काढून आत गेला, आणि या वेळी लगेच बाहेर आला नाही. गादीवाली मधल्या खोलीत पाळण्याची दोरी हातात धरून उभी. आता खोळ उघडी पडणार. पण कंडक्टर आला तो शांत चेहऱ्याने, वहीत खूण करत. चप्पल घालताना म्हणाला, "वहिनी, मी कोणाच्या घरात पडत नाही. पण नणंदबाई नाराज आहेत."

"कोण म्हणतं?"

"त्याच म्हणाल्या. माझं पाणी बाळाला देतात त्याचं काही नाही म्हणाल्या. पण विचारून द्यावं."

एवढं बोलून तो पुढच्या घरी गेला. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. थट्टा त्याला यायची नाही.

गादीवालीच्या तोंडात शब्द नव्हता, आणि ही गोष्ट घडली तेव्हा सून तिथे होती म्हणून सांगायची, नाहीतर गल्लीत कोणी विश्वास ठेवला नसता. मग हळूहळू भीती मागे पडून तिच्या जागी राग आला. हिने शिवलेली, हिने भरलेली, हिच्या दाभणाने तोंड मिटलेली, आणि हिलाच विचारायला सांगते? ती नवऱ्याच्या खाटेशी गेली. त्याच्या बऱ्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "तुम्हाला बहीण होती का हो?"

तिला वाटलं होतं, नेहमीसारखं तिसरंच काहीतरी ऐकून मान हलवेल. पण म्हाताऱ्याने डोळे उघडले.

"तुला कोणी सांगितलं?"

मग त्याने थोडं थोडं सांगितलं. तो सात वर्षांचा असताना झालेली. दीड महिन्याची होऊन गेली. तेव्हा टाकी नव्हती, विहीर होती, आणि असाच उन्हाळा. माणशी एक कळशी, अंगावर पिणाऱ्यांना नाही. आईचं दूध गेलं. मागच्या खोलीत ठेवलं होतं तिला, तिथे गार असायचं. नाव काय, असं गादीवालीने विचारलं. तो म्हणाला, ठेवायचं राहिलं. घरात परत कोणी तिचा विषय काढला नाही, आणि स्थळ बघायला माणसं आली तेव्हा बहीण आहे का विचारलं, तर आई नाही म्हणाली. खोटं कुठे होतं त्यात.

गादीवाली उठली ती सरळ मागच्या खोलीत. कात्री घेतली आणि नणंद उसवली, मानेपासून पायापर्यंत. एक घाव दोन तुकडे हा तिचा स्वभाव. कापूस मूठ मूठ बाहेर काढत गेली. खांद्याचा कोरडा, पोटाचा कोरडा, इतक्या कळशा पोटात जाऊन एक धागा ओला नाही. आणि मग छातीच्या आत हाताला गोळा लागला. गोळे तिने जन्मभर चाचपले होते. कापूस गोळा धरतो तेव्हा तो वेडावाकडा असतो, बोराएवढा, फार तर लिंबाएवढा. हा दुपट्यात गुंडाळलेल्या तान्ह्या पोराएवढा होता. ओला, आणि उन्हाळ्यातला कापूस असावा त्यापेक्षा थोडा जास्त गरम.

तिने तो फेकला नाही. फेकवेना. सगळ्या कापसासकट जुन्या चादरीवर घालून मागच्या अंगणात उन्हात ठेवला, हात पदराला पुसले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चढ चढून टाकीपाशी गेली.

कंडक्टर टाकीच्या सावलीत बिल्ले पुसत बसला होता. तिने सांगितलं, नणंद गेली, गावाला परत, पाचवा बिल्ला घ्या. त्याने तिच्याकडे बघितलं. म्हणाला, दिवसभर तो फाटकावर असतो नाहीतर इथे, इथून फाटक दिसतं. त्या घरातून कोणी उतरलेलं नाही. सीट उतरली तर त्याला कळतं. तरी गेल्याच असतील तर शनिवारी मोजू. चार भरले तर मग त्या दोन आठवडे कोण होत्या ते कमिटीला सांगावं लागेल, आणि नियम पाटीवर आहेच.

म्हणजे पाणी निम्मं. चार माणसांत दोन कळशा, आणि पाळण्यात ती पोर. पहिल्यांदाच ती भिंतीला हात लावत खाली उतरली.

घरी आली तर पुढच्या खोलीत मशीन चालू होतं. मुलाने अंगणातला कापूस उचलला होता. आईने गादी उसवून वाळत घातली, असं त्याला वाटलं, आणि वाळलेला कापूस पडून राहू द्यायचा नाही हे तर तिनेच शिकवलेलं. सगळा पिंजून झाला होता. गोळा होता का रे, असं तिने विचारलं. तो म्हणाला, होता एक मोठा, पण छान सुटला आई, इतका मऊ कापूस कधी बघितला नाही, म्हणून तेवढ्यातून पाळण्याची गादी भरली. जुनी पातळ झाली होती.

सून मधल्या खोलीत हसत होती. पोर रडायची थांबली होती.

पोर नुसती थांबली नाही, तर त्यानंतर रडलीच नाही. नव्या गादीवर पडून छताकडे बघायची, आणि कोणी जवळ आलं की मान वळवून त्याच्याकडे. दोन महिन्यांची पोरं बघतात ते आरपार बघतात, ही थांबून बघायची. मीठ कमी आहे पण बोलणार नाही, अशा नजरेने. मागच्या खोलीतली कळशी आता उतरत नव्हती. सून पोटभर पाणी प्यायला लागली आणि तिला दूध आलं. पण पोर तोंड उघडेना. पहिले काही दिवस थोडं थोडं घेतलं, गुरुवारी ओठ मिटले ते मिटलेच. चमचा लावला तरी मिटलेले, बोटाने उघडायला गेलं तरी मिटलेले. शुक्रवारी रात्रभर सून तिला छातीशी घेऊन बसली, पदर दुधाने भिजला, पोरीचे गाल खाली गेले.

शनिवारी तीनला कंडक्टर आला. गादीवालीने मागच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलं होतं, आत नुसत्या गाद्या आणि भिंतीशी ती कळशी. लपवायचं आता काही उरलं नव्हतं, आणि अपमान व्हायचाच तर उजेडात व्हावा.

म्हातारा एक. मुलगा दोन. सून तीन. वहिनी चार. कंडक्टर मागच्या खोलीकडे वळलाच नाही. पेन्सिल हवेत फिरली आणि पाळण्यावर येऊन थांबली. त्याने वाकून आत बघितलं, आणि ज्या आवाजात तो मोठ्या माणसांशी बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "पाच. बाहेर आलात, बरं केलंत. आतल्या खोलीत वारा लागत नव्हता."

वहीत खूण केली, कळशीचा बिल्ला चाचपून बघितला आणि गेला.

सून काहीच न समजून सासूकडे बघत होती. मुलगा म्हणाला, कंडक्टरला उन्हाने भ्रम झाला, पण आपलं पाणी वाचलं. गादीवाली पाळण्याच्या पायथ्याशी बघत होती. तिथे नव्या गादीच्या कडेला पितळी तांब्या होता, धुतलेला, पालथा. तो तिथे कोणी ठेवला हे तिने विचारलं नाही. घरातल्या कोणीच ठेवला नव्हता हे तिला ठाऊक होतं.

तिने दोघांना बाहेर जायला सांगितलं. म्हातारा खाटेवर होता, तो राहिला. दुपार गल्लीवर पसरली होती, कुठे एक भांडं वाजत नव्हतं. गादीवालीने पाळणा थांबवला. पोरीचे ओठ सुकून पांढरे झाले होते, आणि डोळे तिच्यावर होते, वाट बघणाऱ्या माणसाचे. घाई नसलेल्या.

एक शब्द होता, जो तिला चाळीस वर्षांत कधी लागला नव्हता. दुसऱ्या बाया बोलताना ऐकला होता, कुजकट तोंडाने, नाइलाजाने, आणि प्रत्येक वेळी ती मनात हसली होती. तिने दोन्ही हातांनी पाळण्याची कड धरली आणि जन्मात पहिल्यांदा मान खाली घातली.

"वन्सं," ती म्हणाली, "बाळाला पाजू का?"

काही झालं नाही. मग खाटेवरून, बहिऱ्या म्हाताऱ्याने, ज्याला मशीनचा आवाजही ऐकू यायचा नाही, कोणीतरी काही बोलल्यासारखी मान हलवली. आणि पाळण्यात पोरीने तोंड उघडलं.

सुनेला हाक मारली. पोर इतकी अधाशासारखी प्यायली की सून रडायला लागली. मुलगा मशीन सोडून दारात येऊन उभा राहिला. गादीवाली मात्र तिथे थांबली नाही. संध्याकाळ होत आली होती, स्वयंपाक राहिला होता. तिने भाजी फोडणीला टाकली, पाचव्या कळशीतलं पाणी घातलं, उकळी आली. मग मिठाची चिमूट हातात घेतली, आणि ती पातेल्यावर तशीच धरून तिने पाळण्याकडे बघितलं.